दिवा कुठं ठेवलाय?

दमयंतीचा अर्धा चेहरा मी कापला.

हे वाक्य मी आजवर अनेकदा लिहिलं आणि दर वेळी त्याला एक शेपूट जोडलं. ‘मुद्दाम नव्हे’, ‘कामाचा भाग म्हणून’, ‘पुढे असं होईल हे कुणाला ठाऊक’. शेपूट जोडलं की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की मी कागद फाडून टाकायचो. आज जोडत नाही. कॉम्प्युटरवर कापला, माउसने, चहा पीत पीत. नंतर त्याबद्दल खोटंही बोललो. ते सांगणारच आहे. पण आधी ती कोण होती ते सांगायला हवं, नाहीतर पुन्हा मी तिचा अर्धाच भाग दाखवला असं होईल.

नवीन पनवेलमध्ये दुकानांच्या वरच्या मजल्यावरच्या एका खासगी डिझाइन इन्स्टिट्यूटमध्ये मी फोटोग्राफी शिकवत होतो. दमयंती तिथे ग्राफिक डिझाइन शिकवायला आली तेव्हा पस्तिशीच्या अलीकडची होती. उरणच्या बाजूला खाडीकाठी तिचं गाव. भाऊ न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला, आई मासळी विकायची, आणि ही विचुंब्याला एका नव्या बिल्डिंगमध्ये भाड्याने एकटी राहायची. स्कूटीवरून यायची. बोलायची आमच्यासारखीच, निम्मं इंग्रजी मिसळून. पण राग आला की ‘ह’ गळायचा. विद्यार्थ्यांनी ही खूण आठवड्याभरात ओळखली. ‘तुम्ही’चं ‘तुमी’ झालं की वर्ग चिडीचूप.

पहिल्याच दिवशी ती स्टाफरूममध्ये आली आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत राहिली. आमच्या डायरेक्टर साहेबांच्या दिवंगत वडिलांचा फोटो होता तो. मला म्हणाली, “सर, दिवा कुठं ठेवलाय?”

मला वाटलं, नव्या नोकरीचा पहिला दिवस, दिवा लावायचा असेल. मी म्हटलं, “देवघर नाही हो इथे. खाली रिसेप्शनला गणपती आहे.”

ती इतकी हसली की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. “तो दिवा नाही. फोटो काढताना लाइट कुठं ठेवला होता ते विचारतेय. खालून मारलाय. बघा ना, साहेबांचे बाबा बिचारे चांगले असतील, पण भूत दिसतायत.”

मी फोटोग्राफी शिकवणारा माणूस. त्या फोटोखाली बसून मी कित्येक वर्षं डबा खाल्ला होता आणि हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

पुढे ‘दिवा कुठं ठेवलाय?’ हे आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये म्हणीसारखं झालं. साबणाची जाहिरात असो, उमेदवाराचा फ्लेक्स असो, कुणाच्या लग्नाचा अल्बम असो, ती आधी हेच विचारायची. कुणी एखाद्या फोटोतल्या बाईला ‘काय गूढ दिसतेय’ म्हटलं की तिला ते सहन व्हायचं नाही. “गूढबिढ कुणी नसतं. कुणीतरी दिवा बाजूला नेलेला असतो. कुणी नेला ते शोधा.” हे ती आईकडून शिकली, असं सांगायची. बाजारात मासळीवर पिवळा बल्ब टांगतात, शिळी मासळीही त्याच्याखाली चमकते. तिची आई दुसऱ्याकडून मासळी घेताना ती उचलून आधी उन्हात आणायची. “आमच्या घरात मासळी आणि माणूस दोन्ही बाहेर आणून बघतात,” असं म्हणून ती डोळे मिचकावायची.

तिच्या सवयी विचित्र होत्या. पर्समध्ये कंगवा नसेल पण स्टीलची फूटपट्टी असायचीच. चहाचा कप टेबलाच्या कडेला समांतर ठेवायची. मासिकातला फोटो दिसला की तळहाताने त्यातला अर्धा चेहरा झाकायची, मग हात बदलून दुसरा अर्धा. अक्कलदाढ काढायला घाबरायची म्हणून गालात कायम लवंग. कुणी डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलायची. एवढी धीट बाई एका दाढेला भ्यायची याची आम्हाला गंमत वाटायची.

दर शनिवारी दुपारी मी विद्यार्थ्यांना जुने चित्रपट दाखवत असे. माझा आवडता प्रकार नॉयर. फ्रेंच शब्द आहे, अर्थ काळा. काळ्यापांढऱ्या रंगातले गुन्हेगारी चित्रपट: ओले रस्ते, हॅटखालचे पुरुष, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, आणि त्या सावल्यांत उभी एक सुंदर बाई, जिच्या नादी लागून नायक बुडतो. सुरू करण्याआधी मी थोडं बोलायचो. नायक फसतो का, तर ती बाई पहिल्यापासून ‘तशी’ असते, हे मी रंगवून सांगायचो. पोरं हसायची.

दमयंती मागच्या बाकावर बसून वहीत चौकटी काढायची. एका शनिवारी दिवे लागल्यावर तिने हात वर केला, विद्यार्थ्यासारखा.

“सर, तशी म्हणजे कशी?”

“म्हणजे... फसवणारी. डेंजरस.”

“पण बंदूक त्याच्या हातात आहे. गाडी त्याची आहे. गोष्ट तो सांगतोय. ती नुसती जिना उतरली.”

“अहो, ती ज्या पद्धतीने जिना उतरते...”

“कॅमेरा पायरीवर झोपला म्हणून. मी पण रोज तो जिना उतरते. तुम्ही खाली झोपून बघा, मी पण खुनी दिसेन.”

वर्गात हशा पिकला. मीही हसलो, पण थोडं लागलं. तिचं मात्र तिथून सुरू झालं. पुढचे कित्येक महिने ती आणि तिचे विद्यार्थी त्या चित्रपटांवर पोस्टर करत होते. जाहिरातीची नव्हे, उलटी पोस्टर, असं ती म्हणायची. चित्रपटाने बाईचं जे केलं ते त्याच्याच हत्यारांनी उघडं पाडायचं: अक्षर, सावली, काटछाट.

एक मला अजून दिसतं. काळ्या कागदावर एक पांढरी ताटली. तिच्यावर सुरमईचे तुकडे मांडतात तसे गोल, नीट तुकडे मांडलेले. जवळ गेलं की कळायचं, ते मासळीचे नाहीत, बाईचे आहेत. पहिल्या दृश्यात बाई जशी दिसते त्या क्रमाने: पाऊल, पोटरी, हात, ओठ. खाली कोळणीच्या भाषेत विचारलं होतं, “डोक्याकडचा हवा का शेपटीकडचा?” ते पोस्टर लागलं त्या दिवशी तिच्या वर्गातल्या मुली त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या, आणि मुलगे त्याच्या बाजूने भरभर निघून जात होते.

दुसऱ्या एकात तिने चित्रपटातली बाई स्वतःविषयी जे बोलते तेवढंच एका स्तंभात लावलं होतं आणि पुरुष तिच्याविषयी जे बोलतात ते दुसऱ्यात. दुसरा स्तंभ काळा ठोकळा झाला होता, वाचताही येत नव्हता. पहिल्यात जवळजवळ पांढरा कागद. आणखी एकात त्या सावल्यांतल्या बायकांना उचलून तिने ट्यूबलाइटखाली उभं केलं होतं, एकीच्या हातात दुधाची पिशवी. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, ट्यूबलाइटखाली कुणी खुनी वाटतच नाही!”

“वाटत नाही ना? मग आता खरा खून कुणी केला ते शोध, बाळा.”

आणि एक माझ्यासाठी होतं. मोठ्या कागदावर एकच शब्द, हाताने काढलेल्या जाड देवनागरीत: ‘तशी’. शिरोरेघ पात्यासारखी धारदार. अगदी खाली बारीक अक्षरात: ‘म्हणजे कशी?’ तिने ते माझ्या केबिनच्या दारासमोर लावलं. येता-जाता मी ते बघायचो आणि कौतुकाने मान हलवायचो. मला ते पटलं आहे असंच मला वाटत होतं. दोष त्या जुन्या दिग्दर्शकांचा, असा माझा समज होता.

खिडक्यांना आडव्या पट्ट्यांचे पडदे होते. एका शनिवारी चित्रपट संपल्यावर मुलं निघून गेली, आणि दमयंती खिडकीशी उभी राहून खाली बघत होती. उतरतं ऊन पट्ट्यांतून तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं. एक डोळा उजेडात, बाकी अंधार. माझ्या हातात कॅमेरा होता. मी विचारलं नाही. शटरचा आवाज तिने ऐकला असेल, कदाचित प्रोजेक्टरचा समजली असेल. ती वळली नाही.

रात्रभर त्या फोटोने मला झोपू दिलं नाही, इतका तो ‘छान’ आला होता. पुढच्याच आठवड्यात साहेबांनी प्रवेशाच्या होर्डिंगसाठी डिझाइन मागितलं. मी तो फोटो घेतला, अंधार आणखी गडद केला, चेहरा नाकाच्या रेषेवर कापला, एकच डोळा आणि अर्धे ओठ ठेवले, आणि वर लिहिलं: ‘तिच्या मनात काय आहे? या. शोधायला शिका.’ खाली इन्स्टिट्यूटचा फोन. ती ओळखू येणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तिला दाखवून चकित करू, असंही ठरवलं होतं. पण फ्लेक्स माझ्या अंदाजाच्या आधीच छापून आला आणि न्हावा शेव्याकडे ट्रक वळतात त्या रस्त्यावर चढला. दोन मजली उंच.

दमयंतीने तो गावाकडून परत येताना पाहिला. दुसऱ्या दिवशी ती माझ्या केबिनमध्ये आली. ओरडली नाही.

“सर, आई बसने येणार होती त्या दिवशी. बस आली का बघत होते मी. आणि दाढ ठणकत होती. लवंग चावत होते.” मग म्हणाली, “माझ्या मनात काय आहे म्हणे. दाढ होती हो माझ्या मनात.”

मी हसलो. मला वाटलं, ती विनोद करतेय. ती हसली नव्हती.

“काढायला सांगा तो,” ती म्हणाली. मी साहेबांकडे गेलो. साहेब खूश होते. “अहो, फोन वाजायचा थांबत नाहीये! काय फोटो आहे! ॲडमिशन संपेपर्यंत राहू दे.” मी बरं म्हटलं.

फोन खरंच वाजत होता. पण निम्मे फोन प्रवेशासाठी नव्हते. रिसेप्शनवरची मुलगी रिसीव्हर लांब धरून बसायची. पलीकडून पुरुषांचे आवाज. कुणी नुसतं हसायचं. कुणी विचारायचं, “ती बाई हाय का? तिच्या मनात काय हाय तेवढं विचारायचंय.” आधी ते वाक्य फोनवर होतं. मग सिग्नलवर आलं. स्कूटी थांबली की बाजूच्या रिक्षेतून कुणीतरी गुणगुणल्यासारखं म्हणायचं. मग ते तिच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पेनने लिहिलेलं सापडलं.

तिचं गाव आधी खूश झालं होतं, आपली पोर बोर्डावर आली म्हणून. तिची आई एकदा मुद्दाम इन्स्टिट्यूटमध्ये आली, हिरवी नऊवारी, अंगाला खाडीचा वास, हातात आम्हा सगळ्यांसाठी सुकटीची पुडी. दमयंती वर्गावर होती. मी त्यांना स्टाफरूममध्ये बसवलं, पाणी दिलं.

“बोर्ड बगला,” त्या म्हणाल्या. “माजी पोर हाय ती. एका डोल्यावरून पन वलखली.” मग घोटभर पाणी प्यायल्या. “पन अर्दीच कशी? बाकीची कुनी कापली?”

त्यांनी ते कुणावर आरोप म्हणून विचारलं नव्हतं. माझ्याकडे बघितलंही नाही. मी म्हणालो, “मावशी, चहा घेणार का?”

त्यानंतर तो हेल्मेटवाला दिसू लागला. विचुंब्याच्या वळणावर, भर दुपारी, उन्हात मोटरसायकल उभी करून बसलेला. काळी काच कधी वर केली नाही. काही बोलायचा नाही, मागे यायचा नाही. दमयंती गेली की त्याचं डोकं फक्त तिच्या दिशेने फिरायचं. तिने रस्ता बदलला. दोन दिवसांनी तो त्या रस्त्यावर होता. “तुमच्या चित्रपटांत भीती रात्री असते,” ती मला म्हणाली. “खोटं आहे ते. ऊन डोक्यावर असतं, रस्त्यावर माणसं असतात, भाजीवाला असतो, आणि तरी...”  तिचा तो वर्गभर ऐकू जाणारा आवाज बसल्यासारखा झाला होता. वर्गात खिडकीपासून लांब उभी राहायला लागली होती.

मग डोळा गेला.

होर्डिंगवरचा तिचा तो उजेडातला डोळा एका सकाळी नव्हता. त्या जागी भोक, आणि भोकातून पलीकडचं आभाळ. साहेब म्हणाले, वाऱ्याने फाटला असेल. ज्याने आयुष्यात एक फ्लेक्स टांगला आहे त्यालाही कळेल की वारा फ्लेक्स कडेने फाडतो, जिथे दोरी ओवायच्या पितळी कड्या असतात तिथून. मधोमध, गोल, पट्टीने आखल्यासारखा वारा कापत नाही. कुणीतरी लोखंडी सांगाड्यावर चढलं होतं. ब्लेड घेऊन. आणि सावकाश.

मी ते बघून आलो आणि कुणाशी काही बोललो नाही.

दोन-तीन दिवसांनी, दुपारी घरी जेवायला गेलेली दमयंती परत आली ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये. मलाही बोलावणं आलं. तिच्या हातात गुंडाळी होती. तिच्या दाराच्या कडीत अडकवून ठेवलेली मिळाली होती. तिने टेबलावरच्या वस्तू बाजूला सारल्या, कप कडेला समांतर ठेवायलाही विसरली, आणि गुंडाळी उलगडली. परातीएवढा तिचा डोळा. साहेबांच्या काचेच्या टेबलावर तो आढ्याकडे बघत पडला. जवळून नुसते ठिपके दिसत होते. निळे, काळे, गुलाबी.

“मला पोलिसांत जायचंय,” ती म्हणाली. “ते पहिलं विचारतील, फोटो तुम्हीच दिला ना? मला फक्त एवढंच पाहिजे. इन्स्टिट्यूटने सांगायचं की फोटो मला न विचारता काढला आणि न विचारता लावला. बस.”

साहेबांनी गुंडाळीची एक कड बोटाने सरळ केली. मग अगदी मऊ आवाजात माझ्याकडे वळले. त्यांचा तो मऊ आवाज मला ठाऊक होता. कुणाचा करार पुढच्या वर्षी वाढणार नसला की तो यायचा.

“सर, तुम्ही काढलात ना फोटो? मॅडमना माहीत होतं ना?”

खरं बोलायला दोन अक्षरं पुरली असती. ‘नाही’. दमयंती माझ्याकडे बघत होती, काळजी नसल्यासारखी. मी काय बोलणार याची तिला खात्री होती. मुलीची फी, घराचा हप्ता, असली कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी डोक्यात काहीच नव्हतं. फक्त त्या खोलीत आपल्याला त्रास होऊ नये एवढंच.

मी म्हणालो, “तशी कल्पना होती त्यांना.”

टेबलावरच्या डोळ्याकडे बघत म्हणालो. आपली भाषा मोठी सोयीची आहे. ‘माहीत होतं’ म्हणालो असतो तर खोटं ठरलो असतो. ‘तशी कल्पना होती’ म्हटलं की कुणी काय सांगितलं, कधी सांगितलं, काहीच सांगावं लागत नाही.

दमयंतीने डोळा पुन्हा गुंडाळला. दाराशी जाऊन वळली.

“तशी म्हणजे कशी, सर?”

उत्तराची वाट न बघता गेली. तिचा आवाज वाढला नव्हता. पण जाता जाता जे पुटपुटली ते मला ऐकू आलं. “तुमी पन.” त्या दोन शब्दांत एकही ‘ह’ नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. तक्रार पुढे गेली नाही, असं ऐकलं. विचुंब्याची खोली तिने सोडली. स्टाफरूममध्ये माझाच शब्द फिरत माझ्याकडे परत आला. कुणीतरी चहा ढवळत म्हणालं, “जाऊ द्या हो, कल्पना होती म्हणजे... बाई तशीच असणार.” मी ऐकलं. माझ्या केबिनसमोरचं पोस्टर शिपायाने काढलं तेव्हा चिकटपट्टीचे चार तुकडे भिंतीवर राहिले. ते मात्र कुणी काढले नाहीत. प्रवेश संपल्यावर होर्डिंगही उतरलं. तो हेल्मेटवाला कोण होता हे कधी कळलं नाही. कधी कधी सिग्नलवर काळी काच शेजारी येऊन थांबते, आणि काचेत मला माझाच चेहरा दिसतो.

मी शनिवारचे चित्रपट बंद केले. पुढे ती नोकरीही सुटली. आता लग्नांचे फोटो काढतो. नवरीला आधी विचारतो, इथून काढू का, इकडे तोंड केलं तर चालेल का. नवऱ्या वैतागतात. “अहो काका, काढा ना पटकन!” माझं मलाच हसू येतं. जिला विचारायचं होतं तिला सोडून मी आता सगळ्या जगाला विचारत सुटलो आहे.

यंदा उन्हाळ्यात उलव्याला एका साखरपुड्याची जागा बघायला गेलो होतो. विमानतळाच्या बाजूने डंपर धूळ उडवत होते. रस्त्याच्या कडेला बांबूच्या चौकटीवर फ्लेक्सचं छप्पर टाकून एक बाई मासळी विकत बसली होती. जिताडा ताजा दिसत होता. मी वाकून आत शिरलो, भाव विचारला, आणि सहज वर बघितलं.

छपराची छापलेली बाजू आतून होती. रस्त्यावरून नुसता पांढरा फ्लेक्स दिसत होता. आत, माझ्या डोक्यावर, दमयंतीचा अर्धा चेहरा. मी गडद केलेला अंधार उन्हाने विटून करडा झाला होता. डोळा जागेवर होता. भोवती नायलॉनच्या दोऱ्याने, जाळं विणतात त्या टाक्यांनी, गोल शिवलेला.

“काय बगताव?” मावशी म्हणाल्या. त्या थकल्या होत्या, पण मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही. “माजी पोर हाय ती. उतरवलान तवा पोरानं आनला मागून. फेकनार होते. पोरीचा मुखडा उकिरड्यावर कसा टाकू? डोला मीच शिवला. लोकांनी बगायला नको म्हून आतल्या अंगाला केला. मी एकटीच बगते.”

 मी जिताड्याकडे बघत उभा होतो. तेवढ्यात स्कूटी थांबली. दमयंती. केसांत पांढरं आलेलं, हातात आईचा डबा, खांद्यावर तीच पर्स, फूटपट्टीचं टोक बाहेर आलेलं. तिने मला बघितलं.  मग डबा आईच्या पाटावर ठेवला आणि तो नीट पाटाच्या कडेला समांतर केला.

“दाढ काढली मी,” ती म्हणाली. एवढंच.

“दमयंती, तुम्हाला... तशी मला खूप...” मी सुरुवात केली.

“तशी नको.”

 ती छपराच्या सावलीतून बाहेर गेली, दुपारच्या उन्हात, आणि मला हाताने खूण केली. “बाहेर या. इथं बोला. आणि मला नको. मला माहीत हाय. आईला सांगा. तिनं विचारला होता तुमाला.”

मी बाहेर आलो. ऊन थेट डोक्यावर होतं. चेहऱ्यावर कुठे सावली पडायला जागा नव्हती. मावशी हातातला कोयता खाली ठेवून, कपाळाला आडवा हात लावून माझ्याकडे बघत होत्या, ताजं आहे की शिळं ते बघतात तसं. दमयंती स्कूटीला टेकून उभी होती. हाताची घडी, मान थोडी वाकडी, शनिवारी मागच्या बाकावर असायची तशीच. तिला मी शेवटचं पाहिलं ते असं, भर उन्हात, सबंध.

“मावशी,” मी म्हणालो, “तुम्ही विचारलं होतं, बाकीची कुणी कापली. मी कापली. फोटो मी काढला, तिला न विचारता. तिला माहीत नव्हतं. आणि माहीत होतं असं मी साहेबांसमोर खोटं सांगितलं. चूक माझी आहे. मला माफ करा.”